नकोसा मेल दारातूनच परत

जानेवारी उजाडला की अकोल्याच्या बाजारात नवी तूर यायला लागते आणि एमआयडीसीतल्या डाळ मिलच्या ऑफिसात मेलची वर्दळ वाढते. फटका डाळीचा भाव विचारणारा परगावचा व्यापारी, चुनीची गाडी कधी भरणार म्हणून विचारणारा पशुखाद्यवाला, ट्रान्सपोर्टची बिल्टी, सीएकडून जीएसटीची आठवण, सगळं एकाच इनबॉक्समध्ये येतं. मधेमधे घुसतात ते तुमची वेबसाइट पहिल्या नंबरला आणून देणारे, बिनतारण कर्जवाले आणि ‘मोठी ऑर्डर आहे, सोबतची फाइल उघडा’ म्हणणारे परदेशी ग्राहक. मुनीमजी रोज सकाळी हे निवडून डिलीट करतात आणि त्या घाईत एखादी खरी चौकशीही जाते. जिनिंगवाल्यांची, सरकी-ढेपेच्या व्यापाऱ्यांची हीच तक्रार. कृषी विद्यापीठात संशोधन करणाऱ्याच्या मेलमध्ये कर्जवाल्यांच्या जागी पैसे घेऊन शोधनिबंध छापणारी जर्नलं असतात, एवढाच फरक.

‘या पत्त्यावरून मेल आला की तो आपोआप त्याच्याकडेच परत जावा, असं करता येतं का?’ असं मग कुणीतरी विचारतं. करता येतं. मात्र मेल नेमका कुठून परत फिरतो, यावर सगळं अवलंबून आहे. म्हणून सेटिंगला हात लावण्याआधी एवढं समजून घ्या.

रजिस्टर पत्र घेऊन पोस्टमन दारात उभा असताना ‘घेत नाही’ म्हटलं, तर तो तसा शेरा मारून पत्र परत नेतो. तेच पत्र सही करून घेतलं आणि मग पाकिटावर ‘प्रेषक’ म्हणून लिहिलेल्या पत्त्यावर आपणच उलट टपालाने पाठवलं, तर तो पत्ता खोटा असल्यास भलत्याच्या घरी जाऊन पडतं. मेलचंही असंच आहे. पाठवणाऱ्याचा सर्व्हर आपल्या सर्व्हरला आधी सांगतो की मेल कुणाकडून आहे, कुणासाठी आहे. मजकूर त्यानंतर देतो. आपल्या सर्व्हरने त्या बोलण्यातच ५५० हा आकडा सांगितला की मेल नाकारला गेला. पाठवणाऱ्याला कळवण्याची जबाबदारी त्याच्याच सर्व्हरवर राहते. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपीची, म्हणजे सर्व्हरमधल्या या बोलण्याची, नियमावली लिहिली, तेव्हापासून ५५० चा अर्थ हाच आहे. आपल्या सर्व्हरने २५० म्हटलं, तर मेल स्वीकारला. आता परत पाठवायचा तर आपल्याला नवा मेल तयार करावा लागतो, आणि तो जातो मेलवर लिहिलेल्या पत्त्यावर. फसवणारे लोक तिथे स्वतःचा पत्ता लिहीत नाहीत, दुसऱ्याच कुणाचा तरी लिहितात. मग त्या बिचाऱ्याच्या इनबॉक्समध्ये आपण परत केलेल्या मेलचा पाऊस पडतो. याला बॅकस्कॅटर म्हणतात. असं वारंवार झालं की आपला सर्व्हर काळ्या यादीत जातो आणि आपण इंदूरच्या व्यापाऱ्याला पाठवलेलं बिल त्याच्या स्पॅममध्ये पडतं.

तेव्हा परत पाठवायचा तो फक्त खऱ्या, ओळखता येणाऱ्या आणि सांगूनही न थांबणाऱ्या माणसाचा किंवा कंपनीचा मेल. भामट्याला उत्तरच द्यायचं नाही.

आधी ढीग वेगळे करा

मागच्या महिन्याभरातले मेल पाहून चार ढीग करा. वहीत लिहून केलं तरी चालेल.

पहिला ढीग आपण कधीतरी नाव नोंदवलं म्हणून येणाऱ्या पत्रांचा: यंत्रांच्या कंपन्या, प्रदर्शनं, भावपत्रकं. यांना फिल्टर लागत नाही. जीमेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी ‘अनसबस्क्राइब’ दिसतं, ते दाबा. दिवसाला ५,००० पेक्षा जास्त मेल जीमेलवर पाठवणाऱ्यांनी प्रचाराच्या मेलमध्ये एका क्लिकमध्ये नाव काढण्याची सोय दिलीच पाहिजे, असा नियम गुगलने २०२४ मध्ये आणला. त्यामुळे बऱ्याच मोठ्या कंपन्या आता खरोखर थांबतात.

दुसरा ढीग उघड फसवणुकीचा. यातल्या मेलच्या आतली ‘अनसबस्क्राइब’ची लिंकही दाबू नका, कारण तेवढ्यावरून त्यांना कळतं की हा पत्ता कुणीतरी वाचतं. ‘रिपोर्ट स्पॅम’ करा आणि सोडून द्या. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा.

तिसरा ढीग आपल्या कामाचा. सांगण्यासारखं सगळं चौथ्या ढिगात आहे: खऱ्या कंपनीचा खरा विक्रेता, जो दर आठवड्याला लिहितो, नको म्हटलं तरी लिहितो, अनसबस्क्राइब केलं तरी नव्या यादीतून लिहितो. परत पाठवायची सोय याच्यासाठी.

फिल्टरच्या यादीत कधीही जाऊ नयेत अशा पत्त्यांचीही एक नोंद आत्ताच करून ठेवा: जीएसटी, आयकर, बँक, वीज, न्यायालय, बाजार समिती. केंद्रीय जीएसटी कायदा २०१७ च्या कलम १६९ नुसार नोंदणीच्या वेळी दिलेल्या ईमेलवर पाठवलेली नोटीस बजावलेली धरली जाते. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम १३ प्रमाणे, मेलसाठी एखादी ठरावीक यंत्रणा नेमून दिली असेल आणि वेगळा करार नसेल, तर मेल त्या यंत्रणेत शिरला की तो मिळाला असं मानतात. तो वाचला की नाही हे विचारलं जात नाही. म्हणजे फिल्टरने परस्पर कचऱ्यात टाकलेली नोटीसही आपल्याला मिळालेलीच असते. माझं आग्रहाचं सांगणं आहे की जीएसटी नोंदणीला दिलेल्या पत्त्यावर डिलीट करणारा एकही फिल्टर ठेवू नका. भावाच्या चौकशीसाठी वेगळा पत्ता काढा आणि सगळे प्रयोग तिथे करा.

बँकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. बँकांनी आपली डोमेनं ‘डॉट बँक डॉट इन’ वर न्यावीत यासाठी रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती. बँकेच्या जुन्या डोमेनवर बेतून केलेला फिल्टर असेल तर तो आज एकदा तपासा.

पत्ता खरा आहे का ते पाहा

चौथ्या ढिगातला प्रत्येक पत्ता यादीत घालण्याआधी तपासायचा. जीमेलमध्ये कॉम्प्युटरवर मेल उघडा, उजवीकडचे तीन ठिपके दाबा आणि ‘शो ओरिजिनल’ निवडा. वर एक तक्ता दिसेल. त्यात एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन ओळींपुढे ‘पास’ किंवा ‘फेल’ लिहिलेलं असतं. त्या डोमेनच्या वतीने मेल पाठवायला या सर्व्हरला परवानगी आहे का, हे एसपीएफ सांगतं. मेलवर त्या डोमेनची सही आहे का, हे डीकेआयएम सांगतं. आणि दिसणारा ‘फ्रॉम’ पत्ता त्यांच्याशी जुळतो का, ते डीमार्क पाहतं. डीमार्क पास असेल तर तो मेल त्या डोमेनकडूनच आला असं धरा आणि पत्ता यादीत घ्या. फेल असेल तर तो दुसऱ्या ढिगात टाका, परत पाठवू नका.

फुकटचं जीमेल असेल तर

साध्या जीमेलमध्ये मेल नाकारून परत पाठवायची सोय नाही. ‘ब्लॉक’ केलं तर त्याचे मेल स्पॅममध्ये जातात, ३० दिवसांनी पुसले जातात आणि पाठवणाऱ्याला काहीच कळत नाही. काही जण यावर तोडगा म्हणून फिल्टरला ‘सेंड टेम्प्लेट’ जोडतात आणि ‘हा पत्ता अस्तित्वात नाही’ असा खोटा मेल आपोआप पाठवतात. हे करू नका. तो मेल तुमच्याच पत्त्यावरून जातो, म्हणजे पत्ता चालू असल्याचा पुरावा तुम्हीच देता. आणि समोरचा पत्ता चोरलेला असेल तर त्रास तिसऱ्यालाच.

जीमेलमध्ये जे करता येतं ते नीट करू. फोनच्या अ‍ॅपमध्ये फिल्टर तयार होत नाही, कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये जीमेल उघडा. वरच्या शोधपेटीच्या उजव्या टोकाला आडव्या रेघा-ठिपक्यांचं चिन्ह आहे, ते दाबलं की फॉर्म उघडतो. ‘फ्रॉम’मध्ये पत्ता लिहा. अनेक पत्ते असतील तर मधे ‘ऑर’ हा इंग्रजी शब्द मोठ्या लिपीत घाला. कंपनीच्या सगळ्याच माणसांचे मेल नको असतील तर फक्त ‘अ‍ॅट’ची खूण आणि त्यापुढे डोमेन लिहा.

आता लगेच फिल्टर तयार करू नका. आधी ‘सर्च’ दाबा आणि जुने कोणकोणते मेल या चौकटीत सापडतात ते पाहा. दोन वर्षं मागे जा. त्यात एखादं खरं बिल, एखादी जुनी ऑर्डर निघाली तर डोमेन सोडून एकेकट्या पत्त्यावर या. खात्री झाली की तोच फॉर्म पुन्हा उघडून ‘क्रिएट फिल्टर’ दाबा, ‘स्किप द इनबॉक्स’वर आणि ‘अप्लाय द लेबल’वर खूण करा. लेबलला ‘तपासायचे’ असं नाव द्या. पंधरा दिवस रोज संध्याकाळी त्या लेबलवर नजर टाका. एकही कामाचा मेल तिथे गेला नाही, तर सेटिंग्जमधल्या ‘फिल्टर्स अँड ब्लॉक्ड अ‍ॅड्रेसेस’ या पानावर जाऊन तो फिल्टर बदला आणि ‘डिलीट इट’ करा. असे मेल ट्रॅशमध्ये जातात आणि तिथून ३० दिवसांनी कायमचे पुसले जातात. तोवर चूक सुधारता येते.

स्वतःच्या डोमेनचा मेल: सीपॅनेल

अनेक लहान कारखान्यांचा मेल स्वतःच्या डोमेनवर असतो आणि होस्टिंगवाल्याने सीपॅनेल दिलेलं असतं. परत पाठवायची खरी सोय तिथे आहे.

सीपॅनेलमध्ये शिरून ‘ईमेल’ या गटात जा. एकाच खात्यासाठी ‘ईमेल फिल्टर्स’, सगळ्या खात्यांसाठी ‘ग्लोबल ईमेल फिल्टर्स’. सुरुवात एका खात्यापासून करा. ‘क्रिएट अ न्यू फिल्टर’ दाबून नाव द्या. ‘विक्रेते – परत’ असं ओळखू येणारं असावं. ‘रूल्स’मध्ये पहिल्या चौकटीत ‘फ्रॉम’, दुसऱ्या चौकटीत ‘कन्टेन्स’ निवडा आणि खाली पत्ता लिहा. दुसरा पत्ता घालायला अधिकची खूण दाबा आणि दोन नियमांच्या मधे ‘ऑर’ ठेवा. इथे ‘अँड’ राहिलं तर एकाच मेलमध्ये दोन्ही पत्ते असले तरच नियम लागेल, म्हणजे कधीच लागणार नाही.

‘इक्वल्स’ का निवडायचं नाही? कारण ‘फ्रॉम’च्या ओळीत नुसता पत्ता नसतो, पाठवणाऱ्याचं नाव आणि कोनी कंसात पत्ता असं सगळं असतं. ‘इक्वल्स’ म्हटलं की ते जुळत नाही आणि फिल्टर बिघडलाय असं वाटतं. पण ‘कन्टेन्स’लाही धोका आहे. ‘डॉट को’ने संपणारं डोमेन लिहिलं तर त्याच नावाचं ‘डॉट कॉम’ही त्यात सापडतं आणि ‘डॉट को डॉट इन’ही. म्हणून शेवटचा कोनी कंसही पत्त्याबरोबर लिहा आणि नियम चालतो का ते तपासून घ्या.

विषयाच्या शब्दावरून मेल परत पाठवू नका. ‘लोन’ शब्दावर नियम केला की कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणाचं बँकेचं पत्रही गेलं. वेबसाइटवाल्यांना कंटाळून विषयात ‘एसईओ’ ही तीन रोमन अक्षरं टाकली, तर मध्य प्रदेशातल्या सिवनीच्या व्यापाऱ्याची चौकशी परत जाईल, कारण त्या गावाचं रोमन स्पेलिंग त्याच तीन अक्षरांनी सुरू होतं. परत पाठवायचं ते पत्त्यावरूनच.

मग ‘अ‍ॅक्शन्स’मध्ये ‘फेल विथ मेसेज’ निवडा, मजकूर लिहा आणि ‘क्रिएट’ दाबा. शेजारी ‘डिस्कार्ड मेसेज’ दिसेल, त्याने मेल गुपचूप नष्ट होतो. धंद्याच्या मेलला मी तो पर्याय कधीच सुचवत नाही. चुकून एखादा खरा व्यापारी यादीत गेला, तर मेल परत आल्यावर तो निदान फोन करील. गुपचूप नष्ट झाला तर ‘अकोल्यावाल्यांनी उत्तरच दिलं नाही’ म्हणून दुसरीकडे जाईल.

सीपॅनेलचा हा फिल्टर चालतो तो मेल स्वीकारल्यानंतर. म्हणजे परतीचा मेल आपला सर्व्हर नव्याने तयार करून पाठवतो. म्हणून तर वर डीमार्क तपासायला सांगितलं. तपासलेल्या पत्त्यांपलीकडे हा नियम ताणू नका. स्वतंत्र सर्व्हर घेतला असेल तर डब्ल्यूएचएममध्ये, म्हणजे सीपॅनेलच्या सर्व्हर सांभाळण्याच्या पॅनेलमध्ये, ‘फिल्टर इनकमिंग ईमेल्स बाय डोमेन’ ही सोय आहे, तिथे नको असलेली डोमेनं सर्व्हरच्याच पातळीवर अडवता येतात. अनेक ग्राहकांच्या सामायिक होस्टिंगवर ती मिळणार नाही, कारण ती सगळ्यांनाच लागू होते.

मेल सर्व्हर स्वतःच चालवत असाल तर सांभाळणाऱ्याला एवढंच सांगा: पोस्टफिक्समध्ये पाठवणाऱ्याची यादी बोलणं चालू असतानाच तपासली जावी आणि तिथेच ५५० दिलं जावं. सिव्ह भाषेत फिल्टर लिहीत असाल तर ‘रिजेक्ट’ऐवजी ‘ईरिजेक्ट’ वापरावं. २००९ च्या आरएफसी ५४२९ मध्ये ते याचसाठी आणलं, शक्य तिथे मेल दारातच नाकारला जावा म्हणून.

गुगल वर्कस्पेस आणि मायक्रोसॉफ्ट ३६५

पैसे भरून घेतलेल्या गुगल वर्कस्पेसमध्ये हे काम प्रशासकाच्या खात्यातून होतं. अ‍ॅडमिन कन्सोल, मग अ‍ॅप्स, गुगल वर्कस्पेस, जीमेल आणि त्यात ‘स्पॅम, फिशिंग अँड मालवेअर’. डावीकडे कोणत्या विभागाला नियम लावायचा ते निवडा. विक्रीच्या माणसांना वगळायचं असेल तर ते इथेच ठरतं. ‘ब्लॉक्ड सेंडर्स’मध्ये नवी यादी तयार करून पत्ते किंवा डोमेनं भरा, नकाराचा मजकूर आपला लिहा, ‘सेव्ह’ करा. बदल लागू व्हायला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो, त्यामुळे लगेच परिणाम दिसला नाही तर पुन्हा पुन्हा बदल करत बसू नका.

मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर एक्सचेंज अ‍ॅडमिन सेंटरमध्ये ‘मेल फ्लो’ आणि त्यात ‘रूल्स’. पाठवणाऱ्याचं डोमेन अट म्हणून द्या, कृतीत ‘ब्लॉक द मेसेज’ आणि त्याखाली कारण देऊन नाकारण्याचा पर्याय घ्या. नवा नियम तयार झाल्यावर बंद अवस्थेत असतो. यादीत जाऊन तो चालू करावा लागतो.

परतीच्या मेलमध्ये काय लिहावं

मजकूर साध्या इंग्रजीत, रोमन लिपीत ठेवा. सर्व्हरमधलं हे बोलणं मुळात रोमन अक्षरांवर बेतलेलं आहे, देवनागरी मजकुराची वाटेत चौकटी-प्रश्नचिन्हं होऊ शकतात. तीन वाक्यं पुरतात: या पत्त्यावर आपला मेल स्वीकारलेला नाही, विक्रीचे प्रस्ताव आम्ही मेलवर घेत नाही, व्यवहाराचं काम असेल तर ऑफिसच्या फोनवर बोला. पुढे ०७२४ ने सुरू होणारा ऑफिसचा नंबर. मालकाचा मोबाइल देऊ नका. ‘पत्ता अस्तित्वात नाही’ असं खोटं लिहू नका. रागाचा शब्द तर नकोच. हा कागद आपल्या कंपनीच्या नावाने बाहेर जातो आणि उद्या तीच कंपनी आपल्याला लागणारं कलर सॉर्टर विकणारी निघू शकते.

चाचणी

दुसऱ्या सेवेवरचा आपलाच एखादा पत्ता तात्पुरता यादीत घाला आणि तिथून मेल पाठवा. थोड्या वेळात ‘मेल डिलिव्हरी सबसिस्टम’ किंवा ‘मेलर-डेमन’ या नावाने उत्तर येईल. त्यात आपला मजकूर दिसतोय का ते पाहा, आणि मेल दारातच नाकारायची सोय केली असेल तर ५५० चा आकडा आहे का तेही पाहा. मग यादीत नसलेल्या पत्त्यावरून मेल पाठवून तो नीट पोचतो याची खात्री करा. ही दुसरी चाचणी लोक टाळतात, आणि अख्खं ऑफिस दोन दिवस मेलविना बसतं ते ती टाळल्यामुळेच. सीपॅनेलमध्ये ‘ट्रॅक डिलिव्हरी’त प्रत्येक मेलचं काय झालं ते दिसतं, फिल्टरच्या पानावर नमुना मजकूर टाकून तपासायचीही सोय आहे. झालं की आपला पत्ता यादीतून काढा.

‘मेलर-डेमन’कडून येणारे मेल कधीही फिल्टर करू नका. आपण पाठवलेलं बिल पोचलं नाही, हे कळण्याचा तोच एक मार्ग आहे. दोन सर्व्हर एकमेकांना परत-परत मेल पाठवत बसू नयेत म्हणून अशा मेलच्या पाकिटावर पाठवणाऱ्याची जागा मुद्दाम रिकामी असते. त्या रिकाम्या पत्त्याला कोणताही नियम लावू नका.

हंगामाआधी यादी

यादी वर्षातून दोनदा तपासा: कापसाच्या हंगामाआधी एकदा आणि तुरीच्या आवकेआधी एकदा. नवे खरेदीदार त्याच सुमाराला लिहितात. सहा महिन्यांत एकदाही न आलेला पत्ता काढून टाका. लांबलेल्या यादीत काय आहे ते कुणालाच आठवत नाही. प्रत्येक पत्त्यापुढे कधी घातला, का घातला आणि कुणी घातला हे वहीत किंवा एक्सेलमध्ये लिहा, म्हणजे ऑफिसातला माणूस बदलला तरी अडणार नाही.

आणि कुणा व्यापाऱ्याचा फोन आला की ‘भाऊ, तुमच्याकडून मेल परत येतो’, तर तो पत्ता यादीतून लगेच काढा, त्याच्या डोमेनवर वेगळा नियम नाही ना ते पाहा आणि त्याला मेल पुन्हा पाठवायला सांगा. दारातून परत गेलेला मेल आपल्याकडे कुठेही साठलेला नसतो. तो स्पॅममध्ये नसतो, ट्रॅशमध्येही नसतो. वर्कस्पेस असेल तर बदल लागू व्हायला वेळ जाईल हे धरून त्या दिवशीचा भाव फोनवरच सांगून टाका.